मीठगडाचं दार आणि माझी आत्या

माझ्या आत्येने आजवर एकही वस्तू, एकही माणूस आणि एकही पुस्तक उजेडासमोर धरून बघितल्याशिवाय आपलं म्हटलेलं नाही. यात तिचा स्वभाव किती आणि नोकरी किती, हे आता तिलाही सांगता येणार नाही. भांडुपच्या एका औषधांच्या कारखान्यात ती अठ्ठावीस वर्षं तपासणीच्या टेबलावर होती. इंजेक्शनची भरलेली बाटली उचलायची, दिव्यासमोर धरायची, हलकेच गोल फिरवायची आणि आत केसाएवढा कण तरंगताना दिसला तरी ती लाल ट्रेमध्ये टाकायची. असं दिवसाला हजारो वेळा. निवृत्त झाली त्या दिवशी साहेबांनी शाल दिली, तीसुद्धा तिने सर्वांदेखत ट्यूबलाइटपुढे पसरली आणि म्हणाली, "साहेब, इथे एक धागा सुटलाय." साहेबांनी शाल बदलून दिली. न देऊन सांगतात कोणाला!

तिच्या बोलण्यात जगाचे तीनच भाग आहेत. पास, नापास आणि परत बघू. दूधवाला नापास. सोसायटीचे आजी-माजी सगळे सेक्रेटरी नापास. कांजूरला आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला फक्त मेथीपुरता पास. मला बघायला मुलगा आला, तेव्हा चहा झाल्यावर ती त्याला म्हणाली, "जरा गॅलरीत चल रे, हॉलमधे ट्यूबलाइटीत माणूस नीट दिसत नाय." बिचारा गेला. पाच मिनिटं ती त्याला उन्हात उभा करून काहीतरी विचारत होती. परत आल्यावर तिने जाहीर केलं, "परत बघू." आमच्या लग्नाला बारा वर्षं झाली. नवरा दर दिवाळीला तिला वाकून नमस्कार करतो आणि विचारतो, "आत्या, निकाल?" ती म्हणते, "घाई कसली आहे तुला?"

बाबा तिचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांनी धाकटा. त्यांची आई लवकर गेली, वडील गिरणीत, त्यामुळे बाबांना शाळेत घालण्यापासून साकीनाक्याच्या वर्कशॉपमधे कामाला चिकटवण्यापर्यंत सगळं आत्येने केलं. स्वतःचं लग्न करायचं त्यात राहून गेलं, आणि त्याबद्दल कुणी हळहळलं की ती म्हणायची, "एक पोरगा वाढवला ना, पुरे." एकमेकांशी दोघं अजून मालवणीतच बोलतात, आणि भांडले की जास्तच मालवणीत. आई गेल्यानंतर बाबा माझ्याकडे राहायला आले आणि आत्या समोरच्याच बिल्डिंगीत होती. पुढे मधुमेहाने बाबांच्या डोळ्यांची वाट लावली. माणसं ओळखू यायची, पण अक्षरं धुरकट. तेव्हापासून रोज दुपारी चार वाजता आत्या येणार, चहा घेणार आणि तासभर बाबांना मोठ्याने वाचून दाखवणार, हा नियम झाला. वाचताना हातात लाल पेन्सिल. छपाईची चूक दिसली की वाचन थांबवून खूण करायची. बाबा ओरडायचे, "आक्का, तो मरतासा थंय आणि तू वेलांटी कसली बघतंस!"

असंच एकदा लायब्ररीतून 'मीठगडाची वाट' नावाची जाडजूड अद्भुत कादंबरी आली. समुद्रातलं मीठ संपतं, गावोगावचं अन्न अळणी होतं, खारवायला मीठ नाही म्हणून मासे सडू लागतात. मग सावनी नावाची मिठागरातली मुलगी आपल्या धाकट्या भावाला, रुजूला घेऊन मीठगड शोधायला निघते. गडाला सात दारं. सहाव्या दाराशी राखणदार सांगतो, दोघांतलं एकच पुढे जाईल. सावनी काही बोलायच्या आत रुजू हात पुढे करतो आणि उभ्याउभ्या मिठाचा पुतळा होतो. सातव्या दाराच्या आत एक दिवा आहे, तो आणला तरच रुजू सुटणार. पहिला भाग इथे संपतो.

मुलांनी वाचायची ही गोष्ट, पण बाबांना ती अशी लागली की त्या दिवशी ते जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी म्हणाले, "आक्का, रुजू सुटतलो मां?" आत्या म्हणाली, "पुढचा भाग इल्याशिवाय माका काय ठावक?" आणि रात्रीच्या जेवणाआधी लेखकाला तीन पानी पत्र लिहून मोकळी झाली. त्यात दोन पानं छपाईच्या चुका होत्या आणि एक पान म्हणजे दुसरा भाग लवकर लिहा अशी ताकीद. लेखक बोरिवलीत राहणारे, सरकारी खात्यात नकाशे काढून निवृत्त झालेले गृहस्थ. त्यांचं आभाराचं कार्ड आलं. ते बाबांनी टीव्हीच्या मागे उभं करून ठेवलं. दुसरा भाग यायला पाच वर्षं लागली.

तो आला त्याच आठवड्यात बाबांच्या छातीत दुखलं. तपासण्या झाल्या, हृदयाच्या तीन नळ्या तुंबलेल्या निघाल्या. डॉक्टरांनी बायपासची तारीख दिली, बाराव्या दिवसाची. साखर, वय, आधीची दुखणी, सगळं सांगून झाल्यावर ते मला बाजूला घेऊन म्हणाले, "रिस्क आहे. पण न करण्यात जास्त आहे." बाबांनी घरी येऊन कॉटवर बैठक मारली आणि 'मीठगडाचं दार' या दुसऱ्या भागावर हात ठेवला. "आक्का, बारा दिवसांत पुरा कर. अर्धी गोष्ट ठेवन मी टेबलार चढूचंय नाय."

मला वाटलं, गंमत करताहेत. ती गंमत नव्हती. पाचशे पानं होती. आत्या आता दिवसातून तीन वेळा येऊ लागली. घसा बसला, मग लवंग तोंडात धरून वाचू लागली. लाल पेन्सिल घरी ठेवून यायला लागली, यावरून काय ते समजा. बाबा डोळे मिटून ऐकायचे आणि मधेच विचारायचे, "किती पानां रवली?" आत्या पानं मोजून सांगायची. घरात आम्ही सगळे हळू बोलायला लागलो होतो.

गुरुवारी दुपारी अंधेरीला माझ्या ऑफिसच्या रिसेप्शनवरून फोन आला, तुमच्या आत्या आल्यात. तेरा वर्षांत ती कधी ऑफिसला आली नव्हती. लिफ्टची वाट न बघता मी चार मजले धावत उतरले. आत्या सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती. मांडीवर पुस्तक, चेहरा पांढरा.

"बाबा?" मी विचारलं.

"तो बरा आहे. झोपलाय." मग हळूच म्हणाली, "रुजू सुटला नाय गं."

मी तिथेच खाली बसले. "आत्ये, जीव काढलास माझा!"

"माझा पण गेलाय. वाच." शेवटचं पान तिने उघडून दिलं. तिने आयुष्यात कधी शेवट आधी वाचला नव्हता, पण या वेळी धीर निघाला नव्हता. मी वाचलं. सावनी वाळवंटं, मगरी, दगडी पक्षी सगळं पार करून सातव्या दाराशी पोचते, दारावर हात ठेवते, आणि तिला कळतं की काही दारं उघडायची नसतात. ती वळते आणि चालू लागते. संपलं. दिवा नाही, रुजू नाही. मीठ परत आलं की नाही तेसुद्धा नाही.

मी मोबाइलवर बघितलं तर बाहेर हलकल्लोळ माजला होता. वाचकांच्या ग्रुपवर घाटकोपरच्या एका बाईंनी प्रकाशकाला कुरियरने खडेमिठाची पिशवी पाठवल्याचा फोटो टाकला होता. कॉलेजातल्या एका मुलीने निषेध म्हणून तीन दिवस अळणी जेवल्याचं लिहिलं होतं, आणि तिच्या आईने खाली, "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी वडापाव खाल्ला," अशी दुरुस्ती केली होती. एका गृहस्थांनी शेवटचं पान फाडून स्वतःचं चिकटवलं होतं. 'हा प्रगल्भ शेवट आहे' असं लिहिणाऱ्या प्राध्यापकांना ग्रुपमधून दोनदा काढून तीनदा घेतलं होतं, कारण भांडायला कुणीतरी हवं. एरवी मी पोट धरून हसले असते.

"आत्ये, ऐक," मी म्हटलं. "बाबांना कुठे वाचता येतंय? तू तुझ्या मनाने सांग. दार उघडलं, दिवा आणला, रुजू सुटला. चार वाक्यांचा प्रश्न आहे."

तिने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की माझ्या आत काहीतरी तरंगतंय असं मलाच वाटलं. "अठ्ठावीस वर्षांत मी एक खराब बाटली पुढे ढकलली नाय," ती म्हणाली. "आणि ही त्याला देऊ?"

"अगं, पण ऑपरेशन बुधवारी आहे!"

"म्हणूनच तर," ती म्हणाली आणि उठली.

रविवारी संध्याकाळी मुलुंडच्या एका वाचनालयात लेखक वाचकांना भेटणार होते. आत्या जाणार म्हणाली, म्हणून मी तिच्याबरोबर गेले. तिच्या पर्समध्ये खडेमिठाची पिशवी तर नाही ना, हे मी रिक्षात दोनदा चाचपून बघितलं. हॉल गच्च भरला होता. मागच्या बाजूला पोरं 'दार उघडा' असे कागद धरून उभी होती. लेखक म्हणजे अगदी लहानखुरे, मानेला पट्टा बांधलेले, समोरच्या पाण्याच्या ग्लासला सारखा हात लावणारे. प्राध्यापकांनी प्रगल्भतेवर वीस मिनिटं घेतली. मग प्रश्न सुरू झाले आणि पहिल्याच प्रश्नाला आवाज चढले. एक मुलगा ओरडला, "पाच वर्षं थांबलो आम्ही, यार!" कुणीतरी पुस्तक टेबलावर आपटलं. वाचनालयाचे चिटणीस उभे राहून शांत राहा, शांत राहा असं सगळ्यांपेक्षा मोठ्याने ओरडत होते. अशात आत्या उठली आणि माइक वगैरे न मागता सरळ टेबलापाशी जाऊन उभी राहिली.

"साहेब, दार का उघडलं नाही?" तिने विचारलं.

लेखक म्हणाले, "बाई, ते दार वाचकाने आपल्या मनात उघडायचं आहे."

"मग पुस्तकावर वाचकाचं नाव का नाही छापलं?"

हॉलमधे आधी शांतता आणि मग असा गदारोळ झाला की चिटणीसांनी आभारप्रदर्शन उरकून पंखे बंद केले. आत्या मात्र हसली नाही. ती तिथेच उभी राहून लेखकांकडे बघत होती. ते खाली मान घालून कागद आवरत होते आणि कागद आवरले जात नव्हते. लोक पांगल्यावर जिन्यात आम्ही त्यांना गाठलं. तिने आपलं नाव सांगितलं. "तीन पानी पत्र!" ते म्हणाले आणि कठडा धरून उभे राहिले. तिने सगळं सांगितलं. भाऊ, डोळे, बुधवार. ते ऐकत राहिले.

"खरं सांगू?" शेवटी ते म्हणाले. "मला सुचलंच नाही. दीड वर्ष त्या दाराशी बसलो होतो मी. आत काय आहे ते दिसेना. प्रकाशक मागे लागले, मग मी सावनीला परत पाठवलं. प्रगल्भ वगैरे ते लोक म्हणतात." मग कठडा सोडून म्हणाले, "तुम्ही भावाला काहीही सांगा. माझी हरकत नाही."

रिक्षात मी म्हटलं, "बघ, आता तर लेखकानेच परवानगी दिली." आत्येने मांडीवरची पर्स सरळ केली. मग म्हणाली, "माणूस खोटं तरी बोलला नाही."

सोमवारी ती दार लावून घरात बसली. मंगळवारी सकाळी बाबांना हॉस्पिटलमधे दाखल केलं, आणि दुपारी चार वाजता आत्या पुस्तक घेऊन आली. मी बघितलं, शेवटच्या पानांत वहीचे चार दुहेरी कागद घातले होते, तिच्या अक्षरात भरलेले. लेखकाची परवानगी तिने शेवटी मनावर घेतली होती तर, मला हायसं वाटलं. बाबांच्या बोटाला चिमटा लावलेला होता, डोक्याशी मशीनचे आकडे बदलत होते. आत्या वाचू लागली. सावनी दारापाशी पोचली. तिने दारावर हात ठेवला. आत्येने वहीचा कागद पुढे घेतला. दार किलकिलं झालं, आतून उजेड आला, दिवा दिसला. आत्येचा आवाज घोगरा झाला, पण ती वाचत होती. सावनी दिवा घेऊन धावत निघाली.

"आक्का," बाबा डोळे न उघडता म्हणाले, "ह्या पुस्तकात आसा?"

आत्येला मी बाबांच्या उशामागून खूण करत होते, हो म्हण, हो म्हण. ती त्या कागदाकडे बघत राहिली.

"नाय," ती म्हणाली. "ह्या मी लिवलंय."

"मगे पुस्तकात काय आसा ता वाच."

"बाळ्या, नको रे."

"वाच."

तिने वाचलं. सहा ओळी होत्या. वाचून झाल्यावर ती पुस्तक मिटून बसली. बाहेर कुठेतरी ट्रॉलीचं चाक करकरत गेलं. मग बाबा एकदम उशीवरून उठायला लागले. "मेल्यान वाट लावल्यान! पाचशे पानां चलवल्यान आणि दाराकडसून परत? पोराक थंयच ठेवन? खंय रवता तो? बोरिवलीक मां? माका बरो होऊ दे, त्याच्या घराक जातंय!" मशीन पिरपिर करू लागलं. नर्स धावत आली, आकडे बघून तिने आम्हाला बाहेर काढलं आणि म्हणाली, "प्रेशर असंच राहिलं तर उद्याचं ऑपरेशन पुढे जाईल. काय सांगितलं तुम्ही पेशंटला?"

आत्या पॅसेजमधल्या बाकावर बसली. इतकी लहान मी तिला कधी बघितली नव्हती. "माझ्या हातून काय झालं गं," एवढंच ती दोनदा म्हणाली. मी खरं तर चिडले होते, पण तिच्या हाताला हात लावला तर तो बर्फासारखा होता. मग मी तो माझ्या दोन्ही हातांत धरून ठेवला. आम्ही दोघी त्या बंद दाराकडे बघत बसलो. दर अर्ध्या तासाने कुणीतरी आत जायचं आणि काही न सांगता बाहेर यायचं. सात वाजता तीच नर्स आली. "उतरलं प्रेशर," ती म्हणाली. "काका मला ती मिठाची गोष्ट सांगताहेत. तो लेखक खरंच बोरिवलीला राहतो का?"

बुधवारी साडेपाच तास लागले. आत्येने वाट बघायच्या खोलीत मशीनचा चहा कपाकडे न बघता पिऊन टाकला, दोनदा. डॉक्टर बाहेर आले. सगळं नीट झालं होतं. दुसऱ्या दिवशी आयसीयूतल्या डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "तुमचे वडील शुद्धीवर आल्यापासून कुणाचा तरी पत्ता मागताहेत. काही वाद आहे का?"

तीन महिन्यांनी आम्ही खरोखरच बोरिवलीला गेलो. बाबांनी तीन महिने फिजिओथेरपी करताना शिव्या पाठ केल्या होत्या. लेखकांनी दार उघडलं. मानेचा पट्टा होताच, आता हातही थरथरत होते. घरात एकटेच. त्यांनी स्वतः पोहे केले होते, ते जरा करपले होते आणि ते आम्ही सगळ्यांनी खाल्ले. बाबा त्यांच्याकडे बराच वेळ बघत राहिले. शेवटी म्हणाले, "मग? पुढे काही सुचतंय का?"

"नाही हो," लेखक म्हणाले.

"होईल, होईल," बाबा म्हणाले. माझ्या वडिलांच्या तोंडून तीन महिन्यांच्या तयारीनंतर एवढंच निघालं. मग दोघं वर्कशॉपमधली लेथ आणि हाताने काढलेले नकाशे यांवर दोन तास बोलत बसले. निघताना लेखकांनी आत्येला वाकून नमस्कार केला, तेव्हा ती ओशाळून म्हणाली, "अहो, पोह्यांना मीठ बरोबर होतं हां."

परतताना रिक्षा आरे कॉलनीतून घातली. उन्हं कलली होती, झाडांमुळे रस्त्यावर गारवा होता. बाबा आत्येच्या खांद्यावर डोकं टाकून झोपी गेले होते. रस्ता खराब होता. खड्डा दिसला की आत्या त्यांच्या छातीसमोर आपला हात आडवा धरायची आणि खड्डा गेला की काढायची. बराच वेळ मी ते बघत होते. मग ती बाहेर बघतच म्हणाली, "त्या दिवशी मी त्याला 'हो, पुस्तकातच आहे' म्हटलं असतं ना, आणि हा टेबलावरून परत आला नसता, तर..."

पुढे तबेल्यातल्या म्हशी रस्ता ओलांडत होत्या. रिक्षावाल्याने हॉर्नवर हात नेला.

"वाजवू नको रे," आत्या म्हणाली. "जाऊ दे त्यांना सावकाश. झोपलाय तो."